पाणी उतरेपर्यंत थांबणं हीसुद्धा उपासना



आजचं वाचन: श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १८, श्लोक २५

अठराव्या अध्यायात भगवंत कर्माचे तीन प्रकार सांगतात. २३ व्या श्लोकात सात्त्विक, २४ व्यात राजस आणि आजच्या २५ व्या श्लोकात तामस. तामस म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर व्यसन, आळस, मारामारी असलं काहीतरी येतं. पण भगवंतांची व्याख्या नीट वाचली तर थोडं दचकायला होतं. ते म्हणतात, चार गोष्टी न बघता केवळ मोहापोटी जे आरंभलं जातं ते तामस कर्म. त्या चार गोष्टी म्हणजे अनुबंध, क्षय, हिंसा आणि पौरुष.

अनुबंध म्हणजे या कामाच्या मागोमाग काय काय येणार. क्षय म्हणजे त्यात काय खर्ची पडणार. हिंसा म्हणजे कुणाला इजा होणार. आणि पौरुष म्हणजे हे पेलण्याची आपली कुवत आहे का.

काम मुळात चांगलं आहे की वाईट, हा प्रश्नच इथे नाही. काम उत्तम असेल, पवित्रसुद्धा असेल. तरी या चार गोष्टींकडे पाठ करून सुरू केलं, तर ते तामसच. हे पचायला जड आहे, म्हणून आज एक रोजच्या व्यवहारातलं उदाहरण घेऊ.

आषाढ लागलाय. आपल्यापैकी कितीतरी जणांचे शनिवार-रविवार आता सह्याद्रीत जाणार. डोंगरात जाणं ही वाईट गोष्ट आहे का? अजिबात नाही. चांगदेवांनी हरिश्चंद्रगडावर तप केलं असं आपण मानतो. धुक्यात बुडालेलं रान पाहून हात आपोआप जोडले जातात, हा अनुभव तुम्हालाही असेल. पण पावसाळ्यातल्या वाटेवर ओढे असतात. ओढा ओलांडायचा की नाही, हे ठरवताना आजचा श्लोक जसा उघडा होतो तसा पुस्तकात बसून होत नाही.

आधी ओढा समजून घेऊ. सह्याद्रीचे कडे उभे, खाली काळा कातळ, वर मातीचा थर पातळ. पडलेलं पाणी मुरायला जागाच नाही, ते सरळ खाली धावतं. त्यामुळे आपले ओढे झटपट चढतात आणि पाऊस थांबला की काही तासांत उतरतातही. आणि पाऊस आपल्या डोक्यावर पडत असेलच असं नाही. वर पठारावर कोसळतो, खाली आपण कोरडे उभे असतो आणि लोंढा येतो.

आता भगवंतांचे चार प्रश्न.

पहिला, अनुबंध. पिंपरीहून हिरडीमार्गे भिऱ्याला उतरणारी अंधारबनची वाट बऱ्याच जणांनी केली असेल. साधारण १२-१३ किलोमीटर, बरीचशी रानातून, वाटेत एकापाठोपाठ एक ओढे. पहिला ओढा पार केला की सगळे टाळ्या वाजवतात. पण खरा प्रश्न पुढचा असतो. दुसऱ्या ओढ्याला पाणी जास्त असलं आणि तोपर्यंत पहिला मागे चढला, तर आपण दोघांच्या मधे अडकलो. आम्ही सॉफ्टवेअरवाले रिलीज करण्याआधी विचारतो, ‘रोलबॅक आहे का?’ म्हणजे गडबड झाली तर मागे फिरायची वाट आहे का? ज्या ओढ्याला रोलबॅक नाही तो ओलांडताना फक्त त्या ओढ्याचा विचार करून चालत नाही. पुढचे सगळे ओढे आणि संध्याकाळचे सहा, हे सगळं त्या एका पावलाला बांधलेलं असतं. अनुबंध या शब्दाचा अर्थच तो.

दुसरा, क्षय. ट्रेकचं वेळापत्रक कागदावर छान दिसतं. पण दहा-बारा जणांना एकेक करून ओढा पार करायला अर्धा-पाऊण तास सहज जातो. असे तीन ओढे म्हणजे दोन तास गेले. ते कुठून येणार? परतीच्या उजेडातून. म्हणून निघतानाच एक वेळ ठरवून ठेवायची: इतके वाजले की जिथे असू तिथून मागे. ही वेळ घरी, कोरड्या डोक्याने ठरवायची. ओढ्याच्या काठावर मन वकिली करतं.

तिसरा, हिंसा. हा शब्द इथे का, असं वाटेल. पण आपण वाहून गेलो तर शोधायला कोण उतरतं? खालच्या गावातली पोरं आणि बचाव पथकाचे स्वयंसेवक. रात्री, त्याच पाण्यात. त्यांच्याही घरी कुणीतरी दाराकडे डोळे लावून बसलेलं असतं. आपलं धाडस फक्त आपल्या जिवावर बेततं, हा समज खोटा आहे.

चौथा, पौरुष. इथे अहंकार सगळ्यात जास्त फसवतो. वाहत्या पाण्याचा वेग दुप्पट झाला तर अंगावरचा जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. गुडघाभर पाणी वेगात असेल तर धडधाकट माणसालाही पाडतं. जिममध्ये किती किलो उचलतो याच्याशी पाण्याला काही देणंघेणं नाही. आणि गटाची कुवत म्हणजे गटातल्या सगळ्यात दमलेल्या माणसाची कुवत. सगळ्यात तगड्या माणसाची नव्हे.

परवा रात्री माझ्या मामेभावाचा फोन आला. येत्या शनिवारी ऑफिसच्या अकरा जणांना घेऊन निघालाय. त्यातल्या चौघांचा हा पहिलाच ट्रेक. मी म्हटलं, “अरे, घाट विभागाला ऑरेंज अलर्ट आहे, बघितलास का?” तो म्हणाला, “दादा, बसचे पैसे भरलेत. पुन्हा सगळ्यांच्या सुट्ट्या जुळणार नाहीत. आणि माउली आहे ना! विश्वास ठेवायचा.”

पैसे आणि सुट्ट्यांचं मला समजलं. मोह म्हणतात तो हाच. श्लोकातला शब्दही नेमका तोच आहे. पण शेवटचं वाक्य मनात राहिलं. कारण ते श्रद्धेच्या भाषेत होतं आणि अशा वाक्यापुढे आपण गप्प बसतो. श्रद्धाळू माणसाने हवामानाचा अंदाज बघणं म्हणजे विश्वास कमी पडणं, असं कुठेतरी आपल्यालाही वाटत असतं.

खरंच तसं आहे का? लगेच आठवतो वसुदेव. भर पावसाच्या रात्री बाळकृष्णाला घेऊन निघाला आणि यमुनेने वाट दिली. पण वसुदेव यमुनेत का उतरला? मागे कंस होता, हातात ते बाळ होतं आणि आज्ञा भगवंतांची होती. हौस म्हणून तो पाण्यात उतरला नव्हता. ज्याला दुसरा पर्यायच नाही त्याला मिळालेली कृपा आपण आपल्या सहलीच्या हिशोबात धरायची, हे बरोबर नाही.

आता प्रभू रामचंद्रांकडे बघा. वाल्मीकि रामायणात त्यांनी पाणी कसं कसं ओलांडलं? गंगा ओलांडली ती गुहाने आणलेल्या नावेतून. यमुना ओलांडली ती वाळकी लाकडं आणि वेळू बांधून स्वतः केलेल्या तराफ्यावरून. समुद्रासमोर तीन रात्री थांबले, मग नलाने सेतू बांधला. साक्षात भगवंत मनुष्यदेहात आले तेव्हा त्यांनी नाव, तराफा आणि पूल वापरला.

याहून मोठी गोष्ट किष्किंधाकांडात आहे. सुग्रीवाला राज्य मिळालं, वानरसेना मिळणार होती. आणि पावसाळा सुरू झाला. वाटा बंद, नद्या फुगलेल्या. रामचंद्र प्रस्रवण पर्वतावर एका गुहेत लक्ष्मणासह पावसाळ्याचे महिने थांबले. मनात काय चाललं असेल? सीतामाई कुठे आहे, कशी आहे, काहीच माहीत नाही. एकेक दिवस जड. पाऊस बघत ते शोक करतात, वाल्मीकींनी तो लपवलेला नाही. पण थांबतात. ज्यांच्या कामाइतकं निकडीचं काम जगात दुसरं नव्हतं, ते पाणी उतरेपर्यंत थांबले. मग आपल्या शनिवारची काय एवढी घाई?

आणि हे थांबणं म्हणजे विसरणं नव्हतं. शरद ऋतू आला, आभाळ निवळलं, तरी सुग्रीव हलेना, तेव्हा लक्ष्मण रागाने किष्किंधेत गेला. पाणी होतं तोवर धीर आणि पाणी उतरल्यावर क्षणाचाही उशीर नाही. दोन्ही एकाच निष्ठेतून.

वारीचंच बघा ना. आत्ता माउलींची पालखी वाटेवर आहे. कुठला मुक्काम कुठे, कुठली दिंडी रथाच्या पुढे कितवी आणि मागे कितवी, सगळं आधीच ठरलेलं. नीरेला पादुकांचं स्नान होतं तेही ठरलेल्या जागी, ठरलेल्या क्रमाने. एवढी आखणी असते म्हणून वारकऱ्याचं चित्त नामात मोकळं राहतं. आखणीने श्रद्धा कमी होत नाही, तिला बसायला पाट मिळतो.

मग देवाचा भाग कुठे? तो याच अध्यायात आहे. १४ व्या श्लोकात भगवंत कर्म घडायला पाच कारणं सांगतात: अधिष्ठान, कर्ता, साधनं, नाना प्रकारचे प्रयत्न आणि पाचवं दैव. दैव पाचवं आहे हे लक्षात घ्या. आधीच्या चारांच्या जागी ते बसवायचं नाही. आणि चार नीट केले म्हणून पाचवं आपल्या हातात आलं, असंही समजायचं नाही. अंदाज स्वच्छ असेल, तयारी पूर्ण असेल, तरी डोंगर ‘आज नको’ म्हणू शकतो. त्या वेळी मान तुकवून मागे फिरणं, हीच शरणागती. “माउली आहे ना” हे वाक्य मागे फिरणाऱ्याच्या तोंडीही तितकंच शोभतं.

भावाला मी एवढंच म्हटलं, “चार प्रश्न चौघा नवख्यांसमोर मोठ्याने वाच आणि मग ठरव.” त्याने अजून ठरवलेलं नाही. त्याच्यासाठी आज प्रार्थना आहेच.

जे जाणार असतील त्यांच्यासाठी, श्लोकाला धरूनच काही साध्या गोष्टी:

• अंदाज जिल्ह्याचा बघू नका, घाट विभागाचा बघा. बारामती आणि ताम्हिणी एकाच जिल्ह्यात आहेत. २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून मुसळधार आणि ११५.६ पासून अतिमुसळधार धरतात. पण तेवढा पाऊस दोन-तीन तासांतही पडू शकतो.

• गावातल्या माणसाला विचारा, “आज ओढ्याला उतार आहे का?” तो नको म्हणाला तर वाद घालू नका.

• काठावर पोचलात की पाण्याच्या कडेला एक दगड खूण म्हणून ठेवा. दगड बुडाला, पाणी गढूळ झालं, पालापाचोळा आणि काटक्या यायला लागल्या किंवा आवाज बदलला, तर पाणी चढतंय. लगेच वर सरका.

• ओलांडायचंच असेल तर पसरट, उथळ जागा शोधा. खाली धबधबा असेल तिथे कधीच नाही. बूट पायातच ठेवा, सॅकचे छातीचे आणि कमरेचे पट्टे सोडा, हातात काठी घ्या. शिकलेला माणूस सोबत नसेल तर अंगाला दोर बांधून पाण्यात उतरू नका.

• शंका आली की थांबा. आपला ओढा बहुतेक वेळा काही तासांत उतरतो. नाही उतरला तर मागे फिरा.

ज्यांचा डोंगराशी संबंध नाही त्यांनीही आज एक काम करावं. सध्या घाईने हाती घेतलेली एक गोष्ट निवडा. कर्ज असेल, नोकरी बदलणं असेल, घरात कुणाला काही सुनावणं असेल. देवासमोर बसून तिला हे चार प्रश्न विचारा. मागोमाग काय येईल? काय खर्ची पडेल? कुणाला लागेल? मला पेलेल का? उत्तर स्वच्छ आलं तर निर्धास्त पाऊल टाका. नाही आलं तर काठावर बसून नाम घ्या. पाणी उतरतं.

हे रघुराया, जिथे थांबायचं तिथे धीर दे, निघायचं तिथे बळ दे आणि दोन्हींतला फरक ओळखणारी बुद्धी दे. डोंगरवाटेवर असलेल्या सगळ्यांना सुखरूप घरी आण.

उद्याचं वाचन: अध्याय १८, श्लोक २६, सात्त्विक कर्ता.

॥ जय जय राम कृष्ण हरी ॥