श्वासाचा वाटा



सूरह अल-अनआमच्या १४१व्या आयतीत जैतून व डाळिंबाच्या उल्लेखासोबतच फळ खाण्याची मुभा, त्यातील गरजूंचा हक्क आणि अतिरेकाची मनाई एकत्र आली आहे.

डाळिंबाच्या तुरटपणामागे पॉलिफेनॉल ही वनस्पतिजन्य द्रव्ये असतात. स्थूलतेवरील त्यांच्या परिणामाचे संशोधन चालू आहे; परंतु अतिरेकाचा दोष कोणतेही फळ धुऊन काढत नाही.

वरून मिसळलेली साखर दिवसाला सुमारे २५ ग्रॅम, म्हणजे सहा चमचे, यापेक्षा कमी असावी असे जागतिक आरोग्य संघटना सुचवते. इफ्तारच्या गोड सरबतात ही मर्यादा सहज ओलांडली जाते. प्रेषित (स.) मात्र खजुरीने रोजा सोडत, ती नसल्यास पाण्याच्या काही घोटांनी.

गेल्या रमजानात सरबताचा तिसरा पेला रिचवून मी तरावीहला उभा राहिलो आणि रुकूत श्वास कोंडला. पोटाचा एक तृतीयांश अन्नाला, एक पेयाला, एक श्वासाला, ही प्रेषितांची (स.) शिकवण मीच मिंबरवरून सांगितली होती, श्वासाचा वाटा मीच हिरावला होता.

शरीर ही अमानत आहे. दस्तरखानावर प्रथम साधे पाणी ठेवू या. अल्लाह आपणांस संयम देवो. आमीन.