माहूरची डोली



श्रीगुरुचरित्राचे सप्ताह-पारायण आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी होते. तिसाव्या अध्यायापासून बत्तिसाव्यापर्यंत माहूरच्या दांपत्याची जी कथा येते, ती ऐकताना श्रोत्यांचे चित्त प्रथमपासूनच शेवटाकडे धावत असते. केव्हा एकदा श्रीगुरूंचे चरणतीर्थ प्रेतावर शिंपडले जाते, केव्हा तो तरुण झोपेतून उठल्याप्रमाणे उठून बसतो, आणि केव्हा संगमावर जयजयकार होतो, याचीच वाट प्रत्येकजण पाहतो. त्यात काही वावगे आहे असे आमचे म्हणणे नाही. परंतु त्या घाईत कथेचा जो भाग आपल्या संसाराच्या अगदी जवळचा, तोच नेमका कानाआड होतो. आज त्याचाच विचार आपल्यापुढे मांडावयाचा आहे.

कथा सर्वांस ठाऊक आहे, तरी थोडक्यात सांगतो. माहुरास गोपीनाथ नावाचा एक संपन्न ब्राह्मण होता. त्याची मुले जगत नसत. श्रीदत्तात्रेयांच्या आराधनेने एक पुत्र झाला, त्याचे नाव दत्त ठेविले. योग्य वेळी अनुरूप कन्या पाहून लग्न लाविले. दोघेही रूपसंपन्न, आणि एकमेकांवर त्यांची प्रीती इतकी की क्षणाचा विरह सोसवेना. अशा ऐन उमलत्या वयात त्या मुलास क्षय लागला. वैद्य झाले, औषधे झाली, द्रव्य पाण्यासारखे वाहिले. देह वाळत चालला, अन्न जाईना, अंगास दुर्गंधी सुटली, तेव्हा वैद्यांनीही जवळ येणे सोडले. त्या खोलीत उरली ती एकटी त्याची पत्नी. तिने वस्त्रालंकार टाकले. तो जितके घास घेई, तितकेच ती घेई. तो जे औषध घेई, तेच तीही घेई. त्याच्या वाट्याचे दुःख आपल्याला उचलता येत नाही, निदान त्याच्या पंक्तीस तरी बसावे, एवढाच तिचा हिशेब असावा.

याच ठिकाणी ग्रंथकाराने एक प्रसंग घातला आहे, त्याकडे आमचे मन पुन्हापुन्हा जाते. तो आजारी तरुण आपल्या पत्नीस म्हणतो की, माझी आशा आता उरलेली नाही, माझ्यासंगे तू किती दिवस कष्टशील, तू आपल्या माहेरी जा. हे बोलणे वैतागाचे नव्हे. ज्याला तिच्यावाचून घटका जात नव्हती, तो तिला दूर लोटतो आहे, कारण तिचे पुढचे आयुष्य त्याला दिसते आहे आणि स्वतःचे दिसत नाही. ती जात नाही. हा देह तुमचाच आहे, तुम्ही जिथे तिथे मी, असे ती सांगते, सासूसासऱ्यांची समजूत घालते आणि म्हणते की, मला ह्यांना घेऊन देवाच्या ठायी जाऊ द्या. कोणीतरी गाणगापूरच्या श्रीनृसिंहसरस्वतींची ख्याती सांगितली होती. डोली सिद्ध झाली. म्हाताऱ्या मातापित्यांनी ती डोली डोळ्यांआड होईपर्यंत कसे पाहिले असेल, हे ज्यांच्या घरातून असा रुग्ण कधी मोठ्या शहरातील रुग्णालयाकडे निघाला आहे, त्यांस वेगळे सांगावयास नको.

डोली कोणत्या वाटेने गेली हे पोथी सांगत नाही. पण नकाशावर माहुरापासून गाणगापूरपर्यंत सरळ रेघ ओढून पाहावी. अंतर तीनशे किलोमीटरांहून अधिक भरते, आणि ती रेघ उदगीर, भालकी, बसवकल्याण, आळंद ह्यांच्या आसपासूनच जाते. म्हणजे ज्या काळ्या रानातून आपली नित्याची ये-जा, तेच हे रान. आपल्या मुलखाचे व ह्या ग्रंथाचे नाते असे जवळचे आहे. ग्रंथकर्ते सरस्वती गंगाधर हे कानडी मुलखातले आणि ओवी मात्र मराठी. आळंद तालुक्यातील कडगंची हे गाव परंपरेने ह्या ग्रंथाचे जन्मस्थान मानले जाते. बिदरचा बादशहा मांडीवरच्या स्फोटकाने जर्जर होऊन हकिमांकडून निराश झाला, तेव्हा तोही भीमा-अमरजा संगमाकडेच आला, असे याच चरित्रात पुढे वर्णन आहे. दुखणेकरी आणि गाणगापूर ही जोडी आजची नव्हे.

आता त्या डोलीचे काय झाले? वाटेतच दुखणे वाढले. गाणगापूर आले आणि श्रीगुरूंचे दर्शन होण्यापूर्वीच त्या तरुणाने प्राण सोडला. इतक्या दूर, इतक्या आशेने आणलेला पती गावाच्या तोंडाशी येऊन गेला! त्या स्त्रीने तेथे जो आक्रोश मांडला आहे तो वाचताना अंगावर काटा येतो. सावलीसाठी झाडाखाली जावे आणि झाडच अंगावर कोसळावे, तशी माझी गत झाली, अशा अर्थाचे एकामागून एक दाखले ती देते. तिचे हे गाऱ्हाणे थेट देवाविरुद्ध आहे. ग्रंथकाराने ते गाळले नाही, की कोणा पात्राच्या मुखी ‘असे बोलू नये’ म्हणून तिला गप्प केले नाही. आपल्याकडे शोकाकुल माणसास पहिल्या दिवसापासून वेदान्त पाजण्याची जी रीत पडली आहे, तिला ह्या अध्यायाचा आधार मिळेल असे वाटत नाही.

यापुढे जे घडले ते आपण जाणताच. परंतु येथेच, ह्या कथेस सोडून, आपणांस पुण्याजवळील थेऊरपर्यंत यावयाचे आहे, कारण त्याच व्याधीची आणि त्याच आशेची दुसरी एक हकीकत तेथे घडली, आणि ती पोथीतली नसून इतिहासातली आहे. थोरले माधवराव पेशवे १७६१ साली, सोळाव्या वर्षी, पेशवेपदावर आले. पानिपतानंतर मोडलेले राज्य त्यांनी पुन्हा उभे केले. त्यांनाही राजयक्ष्म्याने गाठले. चिंतामणीवर त्यांची निष्ठा अढळ. अखेरचे दिवस काढावयास ते थेऊरासच येऊन राहिले. पत्नी रमाबाई जवळ होत्या. १८ नोव्हेंबर १७७२ रोजी, वयाच्या अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी, चिंतामणीच्या सान्निध्यातच त्यांनी देह ठेविला. रमाबाई सती गेल्या. त्यांचे वृंदावन नदीकाठी आहे. रणजित देसाई यांच्या १९६२ सालच्या ‘स्वामी’ कादंबरीने ही कहाणी घरोघर पोहोचविली आणि तिने पिढ्या रडविल्या.

आता आमचा प्रश्न असा : माहूरच्या सुनेची भक्ती पुरी पडली आणि रमाबाईंची कमी पडली, असे म्हणावयास कोणी धजेल काय? गणपतीच्या दारी बसून एका तरुण स्त्रीने पतीचे प्राण मागितले, त्यात उणे ते काय होते? कोणताही सुज्ञ मनुष्य असे म्हणणार नाही. तरीही आपल्यामध्ये, आपल्याच आळीत, हेच वाक्य दबक्या आवाजात बोलले जाते. कोणाचा तरुण मुलगा कर्करोगाने जातो, कोणाची नुकती लग्न झालेली मुलगी जाते, आणि भेटावयास आलेली मंडळी विचारतात की, पारायण यथासांग झाले होते ना? सोवळ्यात काही चूक राहिली का? सुनेचा पायगुण कसा होता? हे शेवटचे वाक्य तर आम्हांस जिवंत माणसास जाळण्याइतकेच क्रूर वाटते. कृपा ही तागडीत टाकून मोजावयाची वस्तू असती, तर तिला कृपा कशास म्हणावे? मग ती मजुरी झाली.

जाळण्याचा विषय निघालाच आहे, तर एक गोष्ट स्पष्ट बोलणे आमचे कर्तव्य समजतो. एकतिसाव्या व बत्तिसाव्या अध्यायांत स्त्रीधर्म, सहगमन व विधवेचे आचार यांचा विस्तार आहे. तो त्या काळच्या समाजाचा आचार आहे. आज तो कोणावर लादावयाचा नाही, आणि त्याचा गौरव तर मुळीच करावयाचा नाही. १८२९ साली बंगाल इलाख्यात बेंटिंकसाहेबाने सतीबंदी केली, पुढे ती सर्वत्र झाली, आणि १९८७ च्या कायद्याने सतीचे उदात्तीकरणही दंडनीय ठरले. पण कायद्याचा दाखला बाजूस ठेवून पोथीच पाहावी. ती स्त्री सहगमनाचा निश्चय करून निघाली होती. संगमावर श्रीगुरूंस तिने नमस्कार केला आणि त्यांनी सौभाग्याचा आशीर्वाद दिला. चितेची सर्व सिद्धता झालेली असताना तिला परत फिरविले ते श्रीगुरूंनीच. विवेचकांनी पाने भरभरून सहगमनाचे माहात्म्य सांगावे आणि ही साधी गोष्ट सांगू नये, याचे आम्हांस नेहमी नवल वाटते.

दुसरे असे की, ह्या कथेचा भार आपण केवळ सुनांच्या मस्तकी ठेविला आहे. पती आजारी पडला तर पत्नीने उशाशी बसावे, हे सर्वांस मान्य. पत्नी आजारी पडली तर? तिला माहेरी पोहोचवून ‘बरी झाल्यावर धाडा’ असा निरोप ठेवणारी घरे आपल्याच दोन्ही जिल्ह्यांत आहेत. माहूरच्या तरुणाने जा म्हटले, ते तिच्यासाठी. येथे जा म्हणतात, ते स्वतःसाठी. शब्द तोच आहे म्हणून फसू नये.

क्षयाविषयी तर आता असे वागण्यास निमित्तही उरलेले नाही. रॉबर्ट कॉख यांनी १८८२ साली ह्या रोगाचा जंतू शोधून काढला. १९४३ साली स्ट्रेप्टोमायसिन सापडले, १९५२ पासून आयसोनायाझिड वापरात आले, आणि जो रोग माहूरच्या मुलाला व पेशव्यांना सारखाच असाध्य होता, तो आज साधारणतः सहा महिन्यांच्या नियमित औषधाने बरा होतो. सरकारी दवाखान्यात हे औषध विनामूल्य मिळते; पोषणासाठी २०१८ पासून दरमहा ५०० रुपये मिळत असत, नोव्हेंबर २०२४ पासून ते १००० झाले. रोग पसरतो तो रुग्णाच्या खोकल्यातून हवेत उडणाऱ्या जंतूंमुळे, ताटवाटीमुळे नव्हे. म्हणून खिडक्या उघड्या ठेवाव्या, रुग्णाने तोंडावर फडके धरावे, घरातील सर्वांनी तपासून घ्यावे, आणि ताट मात्र वेगळे करू नये. थोडे बरे वाटताच गोळ्या सोडणे हा तर घात आहे. त्याने औषधास न जुमानणारा क्षय जडतो. सोयरीक जुळविताना दुखणे लपविणे आणि लग्नानंतर सासरी कळेल या भयाने गोळ्या बंद करणे, ह्या दोन्ही गोष्टी आईबापांच्या हातून घडतात, प्रेमापोटी घडतात, आणि मुलीचा जीव घेतात.

सर्वच रोगांस असा उतार मिळालेला नाही, हेही खरे. काही कर्करोग बरे होतात, काही होत नाहीत. आपल्या भागातील रुग्ण कलबुर्गीच्या किदवाई केंद्रात किंवा बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयात जातात. कधी वेळेवर जातात, कधी आधी सर्व अंगारे-धुपारे आटोपून जातात. गाणगापुरास अवश्य जावे. निर्गुण पादुकांचे दर्शन घ्यावे, दुपारी माधुकरी घालावी, संगमावर स्नान करावे. पण डोली दवाखान्याच्या दारावरूनच पुढे न्यावी, एवढी आमची प्रार्थना आहे. माहूरच्या घरानेही वैद्यांचे उपाय संपेपर्यंत केले होते. पोथीत ते लिहिलेले आहे. आणि जेव्हा उपाय संपल्याचे डॉक्टर सांगतील, तेव्हाही करावयाचे पुष्कळ उरते. वेदना शमविणारी औषधे आहेत, ती मागून घ्यावी. रुग्णास खरे काय ते विचारू द्यावे. नवविवाहित असतील तर त्या दोघांस थोडा एकांत द्यावा. आपल्या घरांतून सांत्वनास येणाऱ्यांची गर्दी इतकी असते की, ज्या दोघांस बोलावयाचे असते ते दोघेच बोलू शकत नाहीत.

कथेतील एक तपशील सांगावयाचा राहिला. पती गेल्यावर गावकरी जमले, आणि त्यांतच एक भस्म लावलेला, जटाधारी, रुद्राक्ष ल्यालेला, हाती त्रिशूळ असलेला योगी त्या स्त्रीजवळ आला. नदीच्या पुरात लाकडे एकत्र येतात आणि दूर होतात, संध्याकाळी पक्षी एका झाडावर बसतात आणि सकाळी उडून जातात, अशा गोष्टी त्याने तिला सांगितल्या. पती उठेल असे तो एका शब्दाने बोलला नाही. चार रुद्राक्ष व भस्म देऊन तो निघून गेला. पुढे सर्व मंगल झाल्यावर, दुसऱ्या दिवशी ती दोघे श्रीगुरूंच्या दर्शनास आली, तेव्हा तिने विचारले की, मी रडत असताना आलेला तो योगी कोण होता? श्रीगुरूंनी सांगितले की, तुझी भक्ती पाहण्यासाठी त्या रूपाने आम्हीच आलो होतो.

म्हणजे संगमावर आशीर्वाद मिळण्यापूर्वीच, प्रेत अजून प्रेतच असताना, श्रीगुरू तिच्याजवळ धुळीत येऊन गेले होते. थेऊरच्या त्या रात्री रमाबाईंजवळ कोण आले असेल, याचा आम्ही पुष्कळदा विचार करतो.