संख्या कीं माणसें?

एखाद्या ग्रंथावरून बोलपट निघाला म्हणजे त्या दोहोंची तुलना बहुधा एकाच मापानें होते: मुळांतलें काय राहिलें आणि काय गळलें. हें माप सोयीचें खरें, पण पुरेसें नव्हे. मुळाबरहुकूम वठलेल्या कृतींतूनहि मुळाचा प्राण निसटूं शकतो, आणि तो निसटला कीं ग्रंथानें विचारलेला प्रश्नच बदलून जातो. 'वॉचमेन' ही चित्रकादंबरी आणि तिच्यावरून निघालेला त्याच नांवाचा बोलपट यांच्या बाबतींत असेंच झालें आहे, असें आमचें मत आहे. आणि प्रश्न नीतीच्या मुळाशीं जाऊन भिडणारा असल्यामुळें त्याचा थोडा विचार येथें योजिला आहे.

मूळ ग्रंथ ॲलन मूर यांनीं लिहिला व डेव्ह गिबन्स यांनीं चितारला. १९८६-८७ सालीं अमेरिकेंतील डी. सी. कॉमिक्स या संस्थेनें तो बारा अंकांत प्रसिद्ध केला. झॅक स्नायडर यांनीं दिग्दर्शित केलेला बोलपट २००९ सालीं आला. मूर यांनीं त्याच्याशीं कसलाहि संबंध ठेवण्याचें नाकारल्यामुळें त्यांचें नांव श्रेयनामावलींतहि नाहीं.

कथा थोडक्यांत अशी. साल १९८५, अमेरिका व सोव्हिएट रशिया अणुयुद्धाच्या कड्यावर उभे आहेत. मुखवटे चढवून गुन्हेगारांशीं झुंजणारे, तिकडे ज्यांस सुपरहीरो म्हणतात असे कांहीं वीर या कथेंत आहेत, पण त्यांतले बहुतेक निवृत्त झालेले. त्यांपैकीं ओझिमँडिअस हें नांव धारण करणारा महाबुद्धिमान् पुरुष असें ठरवितो कीं, सर्व राष्ट्रांस एकाच शत्रूचें भय दाखविलें तरच युद्ध टळेल. म्हणून ग्रंथांत तो परग्रहावरून आल्यासारखा भासणारा एक अजस्र प्राणी न्यूयॉर्कच्या मध्यभागीं आणून टाकतो, आणि जवळजवळ अर्धें शहर मरतें. बोलपटांत प्राण्याच्या ऐवजीं जगांतील अनेक शहरांत स्फोट होतात व त्यांचा आळ डॉक्टर मॅनहॅटन या अमानुष सामर्थ्याच्या पुरुषावर येतो. दोन्हीकडे कपट सिद्धीस जातें व युद्ध थांबतें. दोन्हीकडे, सत्य उमगलेले बाकीचे वीर शांततेसाठीं मौन पत्करतात. रॉर्शाक नांवाचा एकटाच गप्प राहण्याचें नाकारतो आणि प्राणास मुकतो.

प्राण्याच्या जागीं स्फोट आले याबद्दल पुष्कळ रसिक हळहळले. आम्हांस त्याचें दुःख नाहीं; कथानकाच्या जुळणीपुरतें पाहिलें तर हा बदल कदाचित् अधिक सुटसुटीतच म्हणावा लागेल. आमची तक्रार निराळी आहे, आणि ती सांगावयाची तर स्वतःचीच एक लाजिरवाणी गोष्ट सांगितली पाहिजे. आम्हीं बोलपट आधीं पाहिला. घरीं परततांना ओझिमँडिअसचा हिशेब आमच्या मनानें जवळजवळ मान्य केला होता: लक्षावधि गेले, अब्जावधि वाचले, यांत चुकलें तें काय? पुढें ग्रंथ हातीं आला, आणि तोच हिशेब पुनः मांडतांना मन कचरलें. युक्तिवाद एकच असतां उत्तर कां बदललें?

याचें कारण न्यूयॉर्कच्या एका चौकांत सांपडतें. तेथें एक वर्तमानपत्रें विकणारा आहे. त्याच्या पायाशीं बसून एक मुलगा रोज पैसे न देतां चित्रकथा वाचीत असतो. त्या चौकांत अखेर रॉर्शाकला तुरुंगांत तपासणारा मनोरोगतज्ज्ञहि येतो. या कोणापाशीं मुखवटा नाहीं, सामर्थ्य नाहीं. अकरा प्रकरणांच्या ओघांत आपण त्यांस ओळखूं लागतों, आणि मग तीं सर्व एकाच क्षणीं मरतात. त्या क्षणापूर्वीं रस्त्यावर दोन स्त्रियांचें भांडण जुंपलेलें असतें, आणि तो मनोरोगतज्ज्ञ स्वतःच्या पत्नीचा रोष पत्करून तें सोडवावयास निघालेला असतो. जगास वाचविण्याची योजना आणि अनोळखी बाईस वाचविण्याची धडपड येथें समोरासमोर येतात, आणि पहिली दुसरीस गिळते. बारावें प्रकरण उघडतांच पानभर आकाराचीं सहा चित्रें येतात. त्यांत संवाद नाहीं, केवळ प्रेतें आहेत. त्यांच्याकडे किती वेळ पाहावें हें वाचकानेंच ठरवावयाचें असतें.

बोलपटानें शेंकडों चित्रें जशींच्या तशीं पडद्यावर उतरविलीं. वीरांच्या मारामाऱ्या तर त्यानें लांबविल्या, मोडणाऱ्या हाडांचा आवाजहि ऐकविला. चौकांतलीं माणसें मात्र क्षणमात्र दिसून जातात. त्याच वर्षीं निघालेल्या दीर्घ आवृत्तींत त्यांस कांहीं जागा मिळाली. परंतु चित्रपटगृहांतील प्रेक्षकांनीं पाहिला तो त्यांच्यावांचूनचा खेळ. त्यामुळें मरणारांची केवळ संख्या उरली, आणि संख्येपुढें कोणाहि शहाण्या माणसाचें मन गणितच करूं लागतें.

पुष्कळांचें पुष्कळ सुख ज्यांत, तेंच नीतीचें, असा एक पक्ष आहे. लोकमान्य टिळकांनीं 'गीतारहस्यां'त (१९१५) त्याचें परीक्षण करतांना कौरवांच्या अकरा आणि पांडवांच्या सात अक्षौहिणींचें उदाहरण घेतलें आहे: डोकींच मोजावयाचीं तर न्याय कौरवांच्या बाजूस गेला असता. मोजूंच नये असें आम्ही म्हणत नाहीं. पुराच्या वेळीं नाव कोणत्या गांवीं आधीं धाडावी हें ठरविणारास मोजावेंच लागतें. पण तो बुडणारांस मोजतो. स्वतः कोणास बुडवीत नाहीं, आणि केलेला निवाडा लपवीत नाहीं. ओझिमँडिअसनें मेलेल्यांस विचारलें नाहीं आणि जगलेल्यांस सांगितलें नाहीं. ज्या शांततेविषयीं कोणासच बोलतां येत नाहीं, ती मोडूं नये म्हणून पुढेंहि माणसें मारावीं लागतात. रॉर्शाक हा तिचा पहिला बळी होय.

तथापि ग्रंथ आपणांस सुखानें न्यायासनावर बसूं देत नाहीं. रॉर्शाक सत्यनिष्ठ खरा, पण क्रूर आहे. आणि युद्ध खरोखरच थांबलेलें आहे. त्या मौन पत्करणारांच्या जागीं आम्ही असतों तर बोललों असतों काय? प्रामाणिक उत्तर द्यावयाचें तर बहुधा नाहीं. मात्र त्या मौनास आम्हीं पुण्य म्हटलें नसतें.

शेवटाचा भेदहि हेंच सांगतो. ग्रंथांत ओझिमँडिअस मॅनहॅटनला विचारतो कीं, अखेर मीं केलें तें योग्यच ठरलें ना. आणि शेवट असा कशालाच नसतो अशा अर्थाचें उत्तर ऐकून तो आपल्या शंकेसह एकटा उरतो. बोलपटांत तो विचार दुसऱ्याच पात्राच्या तोंडीं गेला आहे, आणि ओझिमँडिअसच्या वांट्यास त्याच्या जुन्या सहकाऱ्याचे ठोसे आले आहेत. ठोशांनीं प्रेक्षकाचें मन हलकें होतें; अपराधाचें शासन झालें असें वाटून तो उठतो. ग्रंथ मिटल्यावर मात्र तो वर्तमानपत्रवाला आणि मरणाच्या क्षणीं त्यास बिलगलेला तो पोर डोळ्यांपुढून हालत नाहींत. पुढच्या वेळीं कोणी थोरल्या हितासाठीं माणसांचा हिशेब मांडूं लागला, तर आंकडा ऐकण्यापूर्वीं त्यांतल्या एखाद्याचें तरी नांव आम्ही विचारूं, एवढें ऋण त्या ग्रंथाचें आमच्यावर आहे.