देवाची वाट पाहणे

मराठीत आपण 'वाट पाहतो'. कोकणीत 'वाट पळोवप' म्हणतात, गुजरातीत 'वाट जोवी', आणि हिंदीच्या जुन्या वळणात 'बाट जोहना'. इतक्या शेजारभाषांनी एकाच क्रियेला एकच रूप द्यावे, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. या क्रियेत थांबण्याचा किंवा बसून राहण्याचा उल्लेखच नाही. आहे तो पाहण्याचा. जो वाट पाहतो तो रिकामा नसतो, त्याचे डोळे कामाला लागलेले असतात. मात्र ज्या वाटेकडे तो पाहतो ती त्याच्या मालकीची नसते, आणि तिच्यावरून कोणी केव्हा यावे हेही त्याच्या हाती नसते.

हे सुचण्याचे कारण असे की, आपल्या धार्मिक जीवनात पाहणे कमी होत चालले असून करणे वाढत चालले आहे. देवळाचा जीर्णोद्धार, वर्धापनदिन, पालखी, सप्ताह, पारायण, महाप्रसाद, वर्गणीची पावतीपुस्तके, समितीच्या बैठका आणि त्यांतले रुसवेफुगवे! यांतले एकही काम वाईट नाही. वास्कोच्या श्रीदामोदर भजनी सप्ताहात अहोरात्र अखंड चालणारे भजन ज्याने ऐकले असेल तो अशा सामुदायिक भक्तीला उणा शब्द लावणार नाही. प्रश्न निराळा आहे. मनुष्य तीस-तीस वर्षे देवाच्या कामात असतो आणि त्या तीस वर्षांत देवासमोर म्हणून एकदाही उभा राहत नाही, असे होऊ शकते की नाही? होऊ शकते, असे मला वाटते. आणि तसे होत असल्याचे त्याला स्वतःला कळण्याचा मार्गही फारसा उरत नाही, कारण त्याचा प्रत्येक दिवस पुण्यकर्माने भरलेला असतो.

कर्माचा एक मोठा गुण आहे, तो म्हणजे ते मोजता येते. इतके जप झाले, इतकी पारायणे झाली, इतके भक्त जेवले. मोजता आले की हिशेब मांडता येतो, आणि हिशेब मांडणारा नकळत सावकार होतो. देवाच्या खात्यावर आपली बाकी निघते असे त्याला वाटू लागते. वाट पाहण्याचा असा हिशेब होत नाही. कोणी तासभर देवापुढे स्वस्थ बसला तर उठताना त्याच्या हाती दाखवण्यासारखे काहीच नसते. पुष्कळदा मनातही काही नसते. एक कोरडेपणा असतो, आणि 'येथे कोणी आहे तरी का?' हा भयंकर प्रश्न असतो. आपण कामात दडी मारतो ती बहुधा या प्रश्नाच्या भयाने.

तुकोबांचे चरित्र या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. दुष्काळाने संसाराची वाताहत झाल्यावर त्यांनी देहूचे पडके विठ्ठलमंदिर स्वतःच्या हातांनी दुरुस्त केले, असे परंपरा सांगते. त्यानंतर पाठांतर, कीर्तन, अभंगरचना. धर्मकार्य म्हणावे ते सारे त्यांनी केले. पुढे रामेश्वरभटांच्या आज्ञेवरून वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या, आणि आयुष्यभराचे काम पाण्याखाली गेले. यावर पुन्हा लिहावयास बसणे, पंचांपुढे दाद मागणे, आश्रयदाता शोधणे, असे कितीतरी उद्योग सुचण्यासारखे होते. परंपरेने सांगितले आहे ते एवढेच, की तुकोबा नदीकाठी शिळेवर अन्नपाण्यावाचून तेरा दिवस बसून राहिले. वह्या तरल्या, या गोष्टीवर विश्वास ठेवणे न ठेवणे ज्याच्या त्याच्या बुद्धीवर सोडू. मला महत्त्वाचे वाटतात ते मधले दिवस. सातवा, आठवा, नववा. तेराव्या दिवशी काय होणार हे नवव्या दिवशी कोणालाच ठाऊक नव्हते. आपण कथा वाचतो ती शेवट माहीत असल्याने, आणि म्हणून ते दिवस भरभर ओलांडतो.

युरोपात गेल्या शतकात सिमोन वेल नावाची एक विदुषी होऊन गेली. जन्म १९०९ चा, पॅरिसचा. घर ज्यू, पण धर्माचरण न करणारे. तिने शाळेत तत्त्वज्ञान शिकवले, मजुरांचे जिणे कळावे म्हणून कारखान्यात यंत्रावर काम केले, गीता मुळातून वाचावी म्हणून संस्कृतचा अभ्यास केला. ख्रिस्तावर तिची श्रद्धा जडली, तरी बाप्तिस्मा घेण्यास ती तयार होईना. १९४२ च्या मे महिन्यात मार्सेय सोडण्यापूर्वी आपल्या स्नेही धर्मगुरूंना लिहिलेल्या पत्रांत तिने याची कारणे दिली. चर्चच्या उंबरठ्यावर, बाहेर राहिलेल्या असंख्यांबरोबर उभे राहणे हेच आपणास नेमून दिलेले आहे, असे तिला वाटे. १९४३ च्या ऑगस्टमध्ये, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, ती इंग्लंडात वारली. ती पत्रे आणि काही निबंध १९५० मध्ये ज्या ग्रंथात निघाले त्याचे नाव मराठीत सांगायचे तर 'देवाची प्रतीक्षा' असे होईल. फ्रेंचमध्ये प्रतीक्षा आणि अवधान हे दोन्ही शब्द एकाच कुळातले आहेत, आणि तिचा सारा विचार त्या नात्यावर उभा आहे. भूमितीच्या प्रमेयावर एखाद्या मुलाने मन लावले आणि उत्तर सापडले नाही, तरी त्या अवधानाने त्याची प्रार्थनेची शक्ती वाढते, असे ती मानी. शाळामास्तरांनी हा निबंध अवश्य वाचावा, परीक्षेच्या दिवसांत तर विशेष.

कोणी म्हणेल, हे सारे आळशांच्या सोयीचे आहे. प्रयत्नाचे माहात्म्य सांगणारे समर्थ ज्या भाषेत होऊन गेले तिच्यात असा उपदेश शोभत नाही. याचे उत्तर शबरीने द्यावे. बेळगाव जिल्ह्यात रामदुर्ग तालुक्यातील सुरेबानजवळ शबरीकोळ्ळ म्हणून स्थान आहे. तिचा आश्रम तेथेच होता अशी लोकांची श्रद्धा आहे. गुरू गेले, आणि राम येतील एवढा शब्द मागे राहिला. ती रानातली फळेमुळे गोळा करून ठेवी. उष्टी बोरे वाल्मीकींच्या ग्रंथात नाहीत, ती मागाहून लोकांच्या प्रेमाने कथेत आली. पण रामासाठी रानमेवा साठवणे मुळातही आहे. म्हणजे शबरी काम करीतच होती. परंतु फळे गोळा केल्याने राम येतील, असे तिने कधी मानले नाही. राम येणार म्हणून ती फळे गोळा करी. बाहेरून पाहणाऱ्याला यात काही फरक दिसणार नाही, करणाऱ्याला मात्र तो रोज सकाळी दिसतो.

दुसरा आक्षेप याहून कठीण आहे, आणि तो मला सहज टाळता येत नाही. चोखोबाही पंढरपुरी महाद्वाराबाहेर वाट पाहत राहिले. ती वाट देवाने पाहावयास लावली नव्हती, माणसांनी लावली होती. १३३८ मध्ये मंगळवेढ्यास कुसू कोसळून त्यांचा अंत झाला. अस्थी आणून समाधी बांधली ती महाद्वारापाशी, पायरीच्या बाहेरच. त्यानंतर सहा शतके त्यांच्या बांधवांना 'धीर धरा' असे सांगण्यात आले, आणि सांगणारे आत होते. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात प्राणांतिक उपोषण केले, तेव्हा ते दार उघडले. तेव्हा प्रतीक्षेचा उपदेश कोण कोणास करतो हे पाहिल्यावाचून तो स्वीकारू नये. स्वतःच्या कोरडेपणात मी देवाची वाट पाहावी हे योग्य. दुसऱ्याच्या अन्यायात त्याला वाट पाहावयास सांगणे हा अधर्म आहे. आणि एक गोष्ट लक्षात घ्यावी. गुरुजींनी त्या आधी गावोगाव हिंडून सभा घेतल्या, माणसांना विनवले. जे करण्यासारखे होते ते करून झाल्यावर मग ते अन्न सोडून बसले. तुकोबांचे नदीकाठी बसणे आणि हे बसणे यांत काही नाते आहे, असे मला राहून राहून वाटते.

उरला पुंडलिक, आणि तो तर सगळाच विचार उलटा करतो. तेथे वाट पाहतो तो देव. भक्त आईबापांचे पाय चेपण्यात गुंतलेला, आणि देवाला उभे राहण्यासाठी मागे एक वीट भिरकावलेली. कामात बुडालेल्या माणसाला ही कथा फार आवडते. पण पुंडलिकाचे काम देवाचे नव्हतेच. त्याच्या हाती ना पावतीपुस्तक होते, ना जपसंख्या. दोन म्हातारी माणसे होती आणि त्यांची झोपेची वेळ होती. त्या सेवेतून त्याला देव मिळवायचा नव्हता, म्हणून देव दाराशी आला तरी त्याची घाई झाली नाही.

आषाढीला दर्शनबारीत लोक कितीतरी तास उभे असतात. तेथे करण्यासारखे काहीच नसते. पुढच्याच्या पाठीकडे पाहावे, बारी सरकली की एक पाऊल टाकावे. कोणी पुटपुटतो, कोणी पेंगतो, कोणी शेजाऱ्याला गावचे पाऊसपाणी विचारतो. आत पोहोचल्यावर पायांवर डोके टेकवण्यास क्षणभर मिळतो, आणि सेवेकरी पुढे ढकलतात. समोर जी मूर्ती असते तिच्या हाती उगारलेले शस्त्र नाही, वर देणारी मुद्रा नाही. दोन्ही हात कमरेवर ठेवून तीही उभीच आहे.