भिंतीवरचा आकडा

लातूरला औसा रोडवर दहा बाय दहाच्या खोलीत माझा भाचा राहतो. गाव नांदेड जिल्ह्यातलं, कंधार तालुक्यात. टेबलासमोर भिंतीवर स्केचपेननं लिहिलंय : 650. पोळा झाल्यावर धपाटे घेऊन आलेल्या अक्कानं तो आकडा पाहिला आणि घाबरून विचारलं, "साडेसहाशे कुणाचे द्यायचेत रे?"

आम्ही हसलो. पण प्रश्न डोक्यातून जाईना.

आकडा धरून झटायला मराठवाड्याला लातूर पॅटर्ननं शिकवलं. राजर्षी शाहू, दयानंद या महाविद्यालयांची मुलं बोर्डाच्या गुणवत्ता यादीत झळकू लागली, त्यामागं जादा तास होते आणि प्रश्नपत्रिकांचा न संपणारा सराव होता. शाहूचे प्राचार्य जनार्दन वाघमारे पुढं 1994 साली नांदेडला स्थापन झालेल्या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. त्या काळी मोजायचं ते आज किती सोडवलं, कुठं चुकलं. आता चौकाचौकांतल्या फलकांवर फक्त निकाल उरलाय. नांदेडही त्याच वाटेनं गेलं.

भाचा डॉक्टरकीच्या प्रवेशासाठी नीट देतोय, आणि 650 हे त्याला हवे असलेले गुण. नीटला 180 प्रश्न, 720 गुण. चुकलं की एक वजा. 2024च्या अंतिम निकालात 17 जणांना पैकीच्या पैकी होते. 2025ला भौतिकशास्त्र असं निघालं, की देशात पहिला आला तो 686वर. मग भिंतीवरच्या 650ला अर्थ काय? एका वर्षी तो आकडा गर्दीत हरवतो, दुसऱ्या वर्षी शिखराजवळ बसतो. नेमका आहे, पण पोराच्या हातातला नाही.

पोराच्या बापाचं, दाजींचं उलट. त्यांच्याकडं आकडाच नाही. "पट्टी आली की बघू." शाळेची फी, खताची उधारी, पोरीचं लग्न, सगळं माल विकल्याच्या त्या एका पट्टीवर टांगलेलं. 2025-26 च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव 5,328 रुपये होता, आणि आडतीवरची बोली त्याच्या खाली. मी त्यांना दोष देत नाही. पाऊस आणि भाव त्यांना विचारून येत नाहीत. पण पट्टी हातात पडल्यावर पहिले दोन हजार कशाला, एवढं तरी आधी ठरवता येतं. (मी पगारदार. दर पाडव्याला 'यंदा बचत' म्हणतो आणि शिमग्यापर्यंत विसरतो. तेव्हा बोलायचा अधिकार बेताचाच.)

अक्काच्या बचत गटात बारा बायका. पाच तारीख, शंभर रुपये. 1993च्या किल्लारी भूकंपानंतर घरबांधणीवर लक्ष ठेवायला आमच्या भागातल्या बायका एकत्र आल्या आणि त्यांतून कितीतरी बचत गट उभे राहिले; त्या वाटेवरचाच हा एक. अक्कानं गटातून शिलाई मशीनसाठी उचल घेतली. वहीत तीनच रकाने : तारीख, भरले, बाकी. "श्रीमंत व्हायचंय" असा रकाना नाही. मला तर ती वही पैशावरच्या जाडजूड पुस्तकांपेक्षा शहाणी वाटते, कारण तिच्यात पुढच्या पाच तारखेपलीकडचं काही नाही, आणि त्या शंभरासाठी काय सोडायचं हे अक्काला ठाऊक आहे. चहा पावडरीचा पुडा लहान येतो.

भाच्याला मी ती वही दाखवली. 650 त्यानं खोडला नाही. त्याखाली तसेच तीन रकाने आखले. जीवशास्त्र रोज नव्वद प्रश्न : तारीख, सोडवले, चुकले.

परवा गेलो तर मधले चार दिवस कोरे. मी बोट ठेवलं.

"गावाकडं गेलतो मामा," तो म्हणाला. "सोयाबीन काढायला माणसं मिळंनात."

कोऱ्या चौकटींत त्यानं बारीक अक्षरात 'रान' असं लिहून ठेवलं होतं.