समास सोडून लिहा

आजोबांची कापूस-ज्वारीच्या हिशेबाची वही परवा माळ्यावर सापडली. चारी कडा कसरीनं खाल्लेल्या, पण अक्षर एकही गेलेलं नाही. त्यांनी पानाच्या चहूबाजूंनी जागा सोडून लिहिलं होतं.

ही रीत दासबोधातली. एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास, म्हणजे प्रकरण, लेखनाच्या कामावर आहे. भोवती कोरी जागा ठेवा, म्हणजे कागद झडला तरी अक्षर झडणार नाही, असं रामदास तिथं सांगतात. पुढचं तर त्याहून मोलाचं: तरुणपणी फार बारीक लिहू नका, म्हातारपणी ते तुमच्याच कामी येणार नाही. पहिल्या अक्षराची ठेवण शेवटच्या अक्षरापर्यंत टिकावी, हाही आग्रह आहेच. नव्या वहीचं पहिलं पान सुंदर काढून दहाव्या पानाला ढेपाळणाऱ्या आपल्यासारख्यांना यातच सगळं कळावं.

रामदास तसे आमच्याकडचेच. गोदावरी आमच्या पाथरीकडे येण्याआधी घनसावंगी तालुक्याच्या कडेनं वाहते. त्या तालुक्यातल्या जांबला १६०८ साली नारायण सूर्याजी ठोसर जन्मले, तेच पुढे रामदास झाले. जांब आज जालना जिल्ह्यात असलं तरी आम्हा परभणीकरांना ते शेजारचंच गाव. पण माणसानं स्वतःला कसं घडवावं हे सांगणारा जुना लेखक म्हणून सॅम्युएल स्माइल्सचं नाव जगभर घेतात. त्याचं ‘सेल्फ हेल्प’ १८५९ सालचं. रामदास त्याच्या आधी सुमारे दोनशे वर्षं होऊन गेले. दासबोधाच्या दोनशे समासांत ब्रह्मज्ञान आहे, आणि दोघं बोलत असता मधे जाऊन बसणाऱ्याला मूर्खांत काढलेलंही आहे. मला हा दुसरा रामदास अधिक जवळचा वाटतो. तो थोर व्हा म्हणून सोडून देत नाही. बोरू, शाई, कागद हातात देऊन बसवतो. रामदासांचे शिष्य कल्याणस्वामी यांच्या हातची दासबोधाची प्रत डोमगावच्या मठात जपली गेली. धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी तिच्यावरून ग्रंथ छापला.

एक गोष्ट मात्र सलते. लेखनाचा तो समास सुरू होतो तो ब्राह्मणाला उद्देशून. सुंदर अक्षराची ही शिकवण ज्यांच्या वाट्याला येऊच दिली नाही, त्यांच्या घरात वही पोचायला पुढची कितीतरी वर्षं आणि जोतीराव-सावित्रीबाईंची अख्खी हयात खर्ची पडली.

आमच्या गल्लीतली तिसरीतली मुलगी संध्याकाळी ओट्यावर बसून पट्टीनं समास आखत होती. जागा कशाला सोडतेस, विचारलं. म्हणाली, “गुरुजींना बरोबरची खूण करायला.” मी तिला आजोबांची वही दाखवली. तिनं कुरतडलेल्या कडेवरून बोट फिरवलं, आतला एक आकडा मोठ्यानं वाचला आणि पान उलटून पुढचा समास आखायला घेतला.