पंचाहत्तरावा हिस्सा

समुद्रावरचा एखादा चांगला फोटो पाहिला की आपण सहज म्हणून जातो, ‘क्षण अगदी नेमका पकडलाय!’ या कौतुकात एक अख्खं तत्त्वज्ञान गृहीत धरलेलं असतं. क्षण नावाची काहीतरी सुटी वस्तू आहे, ती पळून चालली होती आणि कॅमेऱ्याने तिला दारातच अडवलं, असं ते तत्त्वज्ञान. हे गृहीतक तपासायचं तर जुना फिल्मचा कॅमेरा घेऊन किनाऱ्यावर एक दिवस काढावा. तिथे समोर एकही गोष्ट स्थिर नसते आणि हातातल्या यंत्राचा प्रत्येक टप्पा डोळ्यांना दिसतो, निदान हिशेबात मांडता येतो. माझं म्हणणं असं, की फोटो हा क्षण थांबवल्याचा पुरावा नव्हेच. क्षण थांबत नाही, तो मागे फक्त आपला परिणाम ठेवून जातो, हे जे बौद्ध आचार्य सांगत आले, त्याच्या बाजूने फिल्म साक्ष देते.

किनारा निवडायचाच तर नालासोपाऱ्याजवळचा कळंबचा निवडावा. सोपारा म्हणजे जुनं शूर्पारक बंदर. 1882 मध्ये भगवानलाल इंद्रजींनी तिथल्या ‘बुरूड राजाच्या कोटा’त खणून बौद्ध स्तूप उजेडात आणला, अशोकाच्या शिलालेखांचे तुकडेही याच परिसरात सापडले. म्हणजे क्षणिकतेचा विचार या वाळूला नवखा नाही. आता हातातला कॅमेरा पाहू. 1929 मध्ये पहिल्यांदा आलेला, दोन भिंगांचा रोलायफ्लेक्स. 120च्या रोलवर बारा चौकोनी फोटो, पोटाशी धरून मान खाली घालून पाहायचं, आणि वरच्या काचेत डावं-उजवं उलट दिसतं. त्याच्या जुन्या मॉडेलांच्या शटरवर सेकंदाचा पन्नासावा हिस्सा आणि शंभरावा हिस्सा अशा शेजारशेजारच्या खुणा असतात. इकडे बौद्ध आचार्य वसुबंधूच्या ‘अभिधर्मकोशा’त कालगणना दिली आहे: 120 क्षणांचा एक तत्क्षण, 60 तत्क्षणांचा एक लव, 30 लवांचा मुहूर्त आणि 30 मुहूर्तांची अहोरात्र. गुणाकार केला तर दिवसाचे 64,80,000 क्षण होतात. दिवसाच्या 86,400 सेकंदांना त्यांनी भागलं, की एक क्षण येतो सेकंदाचा पंचाहत्तरावा हिस्सा. रोलायफ्लेक्सच्या त्या दोन खुणांच्या मध्ये! हा योगायोग आहे, त्यातून प्राचीनांना शटर ठाऊक होतं वगैरे काढायला जाऊ नये. पण प्रयोगासाठी तो फार सोयीचा आहे.

कारण आता विचारता येतं, की एका शास्त्रोक्त क्षणात फिल्मवर काय उमटतं? फुटून धावत येणारी लाट सेकंदाला पाच मीटर जाते असं धरलं, तर पंचाहत्तराव्या हिश्शात ती साडेसहा-सात सेंटिमीटर पुढे सरकते. निगेटिव्ह भिंगाखाली धरली की ते सरकणं दिसतं: ओल्या वाळूच्या कडा रेखीव, कॅमेऱ्याच्या दिशेने येणारा फेस बऱ्यापैकी नीट, आणि आडवी पळणारी लाटेची कड मात्र फिसकटलेली. म्हणजे पकडला म्हणतो त्या क्षणाच्या पोटातच आधी आणि नंतर आहे. वैभाषिक या बौद्ध पंथाच्या लोकांना हे चालण्यासारखं होतं; उत्पत्ती, स्थिती, जरा आणि नाश ही चारही लक्षणं ते एकाच क्षणात मानत. सौत्रांतिक या दुसऱ्या बौद्ध पंथाने त्यावर बोट ठेवलं. क्षणाला लांबी दिली की त्याचे तुकडे पडणारच, मग तो शेवटचा घटक कसा? फिल्म इथे सौत्रांतिकांच्या बाजूने बोलते. शटर हजाराव्या हिश्शावर नेता येईल अशा कॅमेऱ्यानेही एवढंच होईल, की सात सेंटिमीटरचे पाच मिलिमीटर होतील. फिसकट कमी होते, संपत नाही. समुद्रचित्रांच्या इतिहासानेही तेच दाखवलंय. 1856-57च्या सुमारास गुस्ताव ल ग्रेच्या लाटांच्या फोटोंनी पॅरिस-लंडनचे लोक थक्क झाले. पण त्या काळची कोलोडियनची काच निळ्या रंगाला भलतीच संवेदनशील होती. समुद्र नीट यावा तर आकाश पांढरंफट्टक पडे. म्हणून ल ग्रे अनेकदा आकाशाची निगेटिव्ह वेगळी घेऊन क्षितिजरेषेवर दोन्ही जोडत असे. एकच आकाश त्याच्या एकाहून अधिक चित्रांत सापडतं. जगाने ज्याला पकडलेला क्षण म्हटलं, तो तसा कधी घडलाच नव्हता.

मग फिल्मवर राहतं तरी काय? बटण दाबल्यावर रोल उघडून पाहिला (पाहू नये, वाया जातो), तर काहीच दिसणार नाही. सिल्व्हर ब्रोमाइडच्या ज्या स्फटिकांवर पुरेसा प्रकाश पडला, त्यांच्यात चांदीचे मोजके अणू सुटे होऊन एकत्र आलेले असतात. बदल एवढाच. लाट ओसरली, प्रकाश विझला, आणि चित्र अजून झालेलंच नाही. पुढे आठवड्याने, महिन्याने डेव्हलपरमध्ये घातल्यावर त्या चिमुकल्या खुणेच्या आधाराने अख्खा स्फटिक काळा पडतो आणि न बदललेले स्फटिक हायपोमध्ये विरघळून जातात. कारण संपून गेल्यानंतर फळ कसं मिळतं, हा क्षणिकवाद्यांना विचारला जाणारा सगळ्यात अवघड प्रश्न होता. कर्म करणारा क्षण जर नाहीसा झाला, तर त्याचं फळ येतं कुठून? त्यांचा दृष्टांत कापसाचा आहे: सरकीला लाखेचा रंग द्या, मधल्या रोप-पानं-बोंड या साखळीत लाली कुठेही दिसत नाही, शेवटी कापूस तांबडा निघतो. शेतकरी यावर हसेल, आणि बरोबरच हसेल. दृष्टांताचा दुबळेपणा तिथेच होता. चांदीचा स्फटिक मात्र नेमकं तेच करून दाखवतो. कोणतीही टिकाऊ वस्तू न मानता, नुसत्या कार्यकारणाच्या साखळीने, गेलेल्या प्रकाशाचं फळ पुढे जातं.

यावर नैयायिक, म्हणजे टिकाऊ वस्तू मानणारा न्यायदर्शनाचा पंडित, गप्प बसणार नाही, आणि बसूही नये. तो म्हणेल, छापलेला फोटो तर टिकतो ना? पन्नास वर्षांमागचा फोटो आजही तोच आहे. कोकणपट्टीत ज्यांच्या घरी जुने अल्बम आहेत त्यांना याचं उत्तर कपाट उघडताच मिळतं. दमट खाऱ्या हवेत निगेटिव्हवर बुरशी चढते, ॲसिटेटची फिल्म आंबून व्हिनेगरसारखा वास मारते, छाप पिवळा पडतो. तोच वाटतो, कारण कालच्या अवस्थेहून आजची अगदी थोडी वेगळी असते. डिजिटलवाला म्हणेल, माझा सेन्सरसुद्धा प्रकाश साठवतोच, मग हा जुन्या कॅमेऱ्याचा लाड कशाला? तेही खरं. तत्त्वतः फरक काहीच नाही. तिथेही आधी विद्युतभार जमतो, मग चित्र होतं. पण हे मधलं अंतर तिथे इतकं आखूड असतं, की कारण आणि फळ एकच भासतात आणि ‘क्षण पकडला’ हा भ्रम पक्का होतो. फिल्म ते अंतर लांबवते.

खरा अडसर दुसराच आहे. दहाव्या शतकात उदयनाचार्यांनी ‘आत्मतत्त्वविवेका’त क्षणभंगवादावर हल्ला चढवला, तेव्हा प्रत्यभिज्ञा हे नैयायिकांचं मोठं हत्यार होतं. ‘हा तोच’ असं आपण ओळखतो, ते ओळखणारा टिकल्याशिवाय कसं? बौद्धांचं उत्तर असं, की कापून पुन्हा वाढलेल्या नखांनाही आपण तीच म्हणतो; सारखेपणाला आपण ऐक्य समजतो. लाटेबाबत हे उत्तर चोख लागू पडतं. कळंबच्या फोटोतलं पाणी आता तिथे नाही, भरती-ओहोटीने वाळूची रेघही हलली, तरी आपण ‘तोच किनारा’ म्हणतो. पण फोटो हातात धरून हे म्हणणाऱ्याचं काय? तोही एक साखळीच, असं बौद्ध तत्त्वज्ञ धर्मकीर्तीच्या परंपरेतले लोक म्हणतील, आणि चांदीच्या स्फटिकाचा दाखला पुढे करतील. इथे मात्र मी फिल्मचा दाखला चालवून घेणार नाही. स्फटिक काळा पडतो, पण आपण काळे पडलो हे तो ओळखत नाही. दिसलेल्या वस्तूंपुरता वाद फिल्मने बौद्धांच्या बाजूने निकालात काढला. पाहणाऱ्याचा दावा उदयनाचार्यांच्या अंगणात अजून तसाच उभा आहे.